कोठीघरचा पासवर्ड

दुपारी तीनला पाच मिनिटं कमी असली की वरच्या मजल्यावरचं शिवणयंत्र आपोआप थांबायचं. दोरा संपलेला नसायचा, सुई तुटलेली नसायची. थोरली पायट्यावरून पाय उचलायची आणि जिन्याकडे कान लावून बसायची. आधी सासूबाईंच्या खुर्चीची कुरकुर, मग चपला, मग कठड्यावर घासणारी अंगठी. आणि मग पायऱ्या. एक, दोन, तीन. चौदा पायऱ्या होत्या आणि थोरली त्या रोज चौदाच्या चौदा मोजायची. न जाणो, एखाद दिवशी सासूबाई नवव्या पायरीवरून माघारी फिरायच्या. त्या कधीच फिरल्या नाहीत.

आता याच सासूबाई सकाळी उठल्यापासून "गुडघे, गुडघे" करायच्या. पाण्याचा पेला चार पावलांवर असला तरी थोरली तो त्यांच्या हातात नेऊन द्यायची. सासरे गेले त्याला आठ वर्षं झाली. तेव्हापासून सासूबाई वरच्या मजल्यावर थोरलीकडे राहत होत्या, आणि या आठ वर्षांत थोरलीने त्यांना इकडची काडी तिकडे करू दिली नव्हती. कपडे धुऊन, इस्त्री करून, घड्या घालून कपाटात. औषधं वारांप्रमाणे डबीत. कपाटाच्या किल्ल्यासुद्धा तिने आपल्याकडे घेतल्या होत्या, म्हाताऱ्या माणसाच्या डोक्याला ताप नको म्हणून. लोक म्हणायचे, सून असावी तर अशी. थोरलीलाही ते पटायचं. आणि एवढं सगळं करून बाई तीनच्या ठोक्याला निघाल्या कुठे, तर खाली धाकटीकडे! त्या धाकटीकडे, जिच्या घरात गाळणी सापडेपर्यंत चहा गार होतो.

थोरलीला धाकटीचा मत्सर वाटत होता. उगाच आडपडदा कशाला? तिने त्याला दुसरी नावं देऊन पाहिली. काळजी म्हणून पाहिलं, जबाबदारी म्हणून पाहिलं, पण तीन वाजता छातीत जे जळायचं ते काही आम्लपित्त नव्हतं.

सगळं सुरू झालं महिन्यापूर्वी, धाकटीने खाली वायफाय घेतलं तेव्हा. नणंद लांब, परमुलखात. तिची कामावर जायची वेळ म्हणजे इथले दुपारचे तीन. आधी तिचा व्हिडिओ कॉल थोरलीच्या फोनवर यायचा. थोरली तो सासूबाईंसमोर धरून उभी राहायची, आणि नणंदेचं तोंड अर्धं उघडं असतानाच चित्र थिजून जायचं. सासूबाई घाबरून म्हणायच्या, "अगं, हिला काय झालं?" थोरली म्हणायची, "काही नाही झालं, नेट गेलं." खाली वायफाय आलं आणि नणंद तिथे अखंड बोलू लागली, हसू लागली, मान हलवू लागली. मग सासूबाई तीनला खाली जायला लागल्या. इथपर्यंत ठीक होतं. कॉल पंधरा मिनिटांचा असायचा. पण सासूबाई वर यायच्या ते सहा वाजता!

एका दुपारी थोरलीला राहवलं नाही. धाकटीच्या मुलीचा, म्हणजे चिमणीचा, फ्रॉक उसवला होता तो शिवून द्यायचं निमित्त घेऊन ती खाली उतरली. ताकाला जाऊन भांडं लपवायचं, दुसरं काय. खाली नेहमीप्रमाणे पसारा. सोफ्यावर कपड्यांचा ढीग, ढिगावर छत्री, छत्रीवर बिस्किटांचा पुडा. धाकटी सकाळपाळी करून दवाखान्यातून आलेली. तिथल्या चौकशीच्या खिडकीत ती बसते. आता ती पाय वर घेऊन बसली होती. सासूबाई मात्र खिडकीजवळच्या खुर्चीत ताठ, चष्मा नाकाच्या टोकावर, आणि समोर चिमणी हात बांधून उभी.

"आजी, टॅबचं वायफाय निघालंय. पासवर्ड सांग ना."

"आण इकडे," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी टॅब घेतला, खुर्ची भिंतीकडे वळवली, कुणाला दिसणार नाही अशा बेताने एकेक अक्षर दाबलं आणि टॅब परत दिला. "अर्धा तास. मग परत बंद करीन."

थोरली बघतच राहिली. तिच्या घरात या बाई टीव्हीचा रिमोट मागायलासुद्धा संकोचायच्या.

"आई, माझ्याही फोनमध्ये घालते मी," ती म्हणाली. "वर कधी सिग्नलच्या दोन दांड्या येतात. काय आहे पासवर्ड?"

"दे, मी घालते."

"अहो, सांगा नुसता. मला टाइप करता येतं."

"पासवर्ड सांगायचा नसतो," सासूबाई म्हणाल्या आणि हात पुढे केला.

धाकटी फिदीफिदी हसली. "ताई, इथे सगळी सत्ता आईंकडे आहे हं. मी पडले विसरभोळी. वायफायचा डबा आला त्याच दिवशी म्हटलं, आई, पासवर्ड तुम्हीच ठेवा. नावही त्यांनीच दिलंय."

नाव थोरलीने पाहिलं होतं. "कोठीघर". सासूबाईंनी नोकरीत एकतीस वर्षं मुलींच्या वसतिगृहाची कोठी सांभाळली होती. चादरी, बादल्या, साबण, धान्य, सगळ्यांच्या किल्ल्यांचा जुडगा त्यांच्या कमरेला असायचा म्हणे. थोरलीने त्या गोष्टी लग्नानंतर पहिल्या वर्षी ऐकल्या होत्या. दुसऱ्या वर्षी, "हो, सांगितलंत तुम्ही," असं ती म्हणायला लागली आणि तिसऱ्या वर्षी सासूबाईंनी सांगणं थांबवलं. ती गोष्ट इथे या पसाऱ्यात नाव होऊन बसली होती, आणि धाकटीने एका पासवर्डाच्या बदल्यात सासू पळवली होती! थोरलीने फोन दिला नाही. फ्रॉक सोफ्यावर ठेवला आणि अंगाचा तिळपापड सांभाळत चौदा पायऱ्या चढून वर आली.

संध्याकाळी तिने नवऱ्याला सांगितलं, "आपल्याला वर वायफाय हवंय."

"खालचं येतं की वर. दोन दांड्या दिसतात," नवरा मोजे काढत म्हणाला.

"दोन दांड्या! आपण काय उष्ट्या दांड्यांवर जगायचं?"

नवऱ्याने बायकोच्या चेहऱ्याकडे पाहिलं. लग्नाला अठरा वर्षं झाली होती. कुठे बोलायचं नाही हे त्याला बरोबर कळत होतं. "घे तुला हवं तर," म्हणाला आणि दुसरा मोजा काढला.

तारवाला शनिवारी आला. पन्नाशीचा, गळ्यात दोरीने लटकवलेला चष्मा, खिशात चार पेचकस, आणि तोंडाचा पट्टा एकसारखा चालू. खालचं वायफायही त्यानेच बसवलं होतं. त्याने खिडकीतून तार आत घेतली, भिंतीवर एक पांढरी डबी ठोकली आणि तिच्यापुढे काळा राउटर जोडला.

"लाइन या पांढऱ्या डबीतून येते. ती कंपनीची, तिला हात लावायचा नाही. हा काळा डबा मात्र तुमचा. कुठे ठेवायचा?"

थोरलीने जागा आधीच ठरवली होती. "लोखंडी कपाटाच्या मागे. धूळ बसणार नाही."

"वहिनी, लोखंडाच्या मागे ठेवलात तर कपाटाला छान नेट मिळेल, तुम्हाला नाही." त्याने तो उचलून घराच्या मध्यावर, पुस्तकांच्या फळीवर ठेवला. "उंच आणि मोकळा. आता कुलपं लावू या."

कुलपांच्या बाबतीत माणूस काटेकोर निघाला. डब्याच्या पोटाखाली चिकटवलेली चिठ्ठी त्याने दाखवली. तिच्यावर कारखान्यातून आलेला पासवर्ड छापला होता. "हा आधी बदलायचा. हा ठेवणं म्हणजे दाराला कुलूप लावून किल्ली कडीलाच अडकवणं. आणि पासवर्ड दोन असतात, बरं का. एक वायफायला जोडायचा. दुसरा या डब्याच्या आत जाऊन बदल करायचा. पहिल्यासारखाच दुसरा ठेवायचा नाही." मग त्याने बटण दाबून जोडायची सोय बंद केली, कारण दाबणारा हात कुणाचाही असू शकतो म्हणे. शिवायला कपडे टाकायला येणाऱ्या गिऱ्हाईक बायकांसाठी पाहुण्यांचं वेगळं जाळं काढून दिलं. त्या जाळ्यावरून घरातल्या फोनांपर्यंत कुणी पोचत नाही, असं त्याने दोनदा सांगितलं. शेवटी डब्याला फोनवरून नवी दुरुस्ती, म्हणजे अपडेट, उतरवून घ्यायला लावली आणि दिवे मालवून पुन्हा पेटेपर्यंत चहा प्यायला.

थोरलीने हळूच विषय काढला. "आमच्या आई खाली गेल्या की त्यांचा फोन खालच्याला जोडतो. वर आल्या की आपोआप वरच्याला जोडेल, असं काही होतं का?"

"सोपं आहे. दोन्ही डब्यांना एकच नाव आणि एकच पासवर्ड द्यायचा. फोनला फरक कळत नाही. जो जवळ त्याला धरतो."

थोरलीचे डोळे चमकले. सासूबाईंचा फोन कोठीघर समजून हिच्याच डब्याला चिकटणार! खालच्यापेक्षा चांगलं चित्र, नणंद अखंड हसणार, आणि कुणाला पत्ताही लागणार नाही. "मग द्या तेच नाव. कोठीघर."

"दिलं. पासवर्ड?"

थोरली जिन्याकडे बघू लागली.

"पासवर्ड माहीत नसेल तर नाव घेऊन काय करता?" तारवाला म्हणाला. "फोन येईल, दार ठोठावेल आणि परत जाईल. विचारा की आजींना. मी बसवलं तेव्हा त्यांनीच टाकला होता. मलासुद्धा म्हणाल्या, तोंड तिकडे करा." आणि तो खो खो हसला.

थोरलीला हसू आलं नाही. नाव बदलून "वरचा मजला" ठेवलं. पासवर्डासाठी तारवाल्याने चार शब्द मागितले, एकमेकांशी काही घेणं-देणं नसलेले, पण विसरता येणार नाहीत असे. तिने आजूबाजूला पाहून सांगितलं: कात्री, चंद्र, गाजर, जिना. ते तिने मापांच्या वहीत मागच्या पानावर लिहून ठेवले. जाताना त्याने डब्याच्या पाठीवरचं एक बारीक भोक दाखवलं. "आणि यात कधी काही खुपसू नका. दहा सेकंद टाचणी दाबली की केलेलं सगळं पुसलं जातं. डबा कोरा होतो."

"आमच्याकडे कोण खुपसतंय?" थोरली म्हणाली. घरात दोनशे टाचण्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सासूबाई अंघोळीला गेल्यावर तिने त्यांचा फोन उचलला. "वरचा मजला" शोधलं, चार शब्द घातले, जोडलं गेलं. एवढ्यावर थांबली असती तर ती कर्तव्यदक्ष सून ठरली असती. पण यादीत खाली "कोठीघर" दिसलं. तिने त्याच्यावर बोट दाबून धरलं. फोनने विचारलं, हे नेटवर्क विसरायचं का?

"विसर," थोरली मोठ्याने म्हणाली आणि बोट टेकवलं.

तीनला पाच कमी असताना तिने यंत्र थांबवलं आणि स्वतःच उठून सासूबाईंपुढे गेली. "आई, आजपासून खाली जायला नको. वर आलंय वायफाय. तुमच्या फोनमध्ये घातलंसुद्धा मी. तुम्हाला काही म्हणजे काही करायचं नाही."

"हो का? बरं झालं," सासूबाई म्हणाल्या.

नणंदेचा कॉल आला. चित्र आरशासारखं स्वच्छ. थोरलीने फोन पेल्याला टेकवून उभा करून दिला, पाठीशी उशी दिली, चहा दिला. पंधरा मिनिटं नणंद हसली, बोलली, एकदाही थिजली नाही. थोरली यंत्रावर बसून मनातल्या मनात मांडे खात होती. कॉल संपला. खुर्ची कुरकुरली.

"काय हवं? मी देते!" थोरली धावली.

"काही नको. जरा खाली जाऊन येते." आणि अंगठी कठड्यावर घासली. एक, दोन, तीन, चौदा.

सहाला सासूबाई वर आल्या त्या वेगळ्याच नजरेने. खुर्चीत बसून त्यांनी फोन मांडीवर ठेवला. "माझ्या फोनमधून कोठीघर गेलंय," त्या म्हणाल्या. "मी घातलं पुन्हा. पण गेलं कसं?"

"फोन जुना झालाय तुमचा," थोरली खिडकीकडे बघत म्हणाली.

"एकतीस वर्षं कोठी सांभाळली मी. किल्ली आपणहून हरवत नसते गं. कुणीतरी घेतलेली असते." त्या एवढंच बोलल्या आणि डोळे मिटून बसल्या. त्यांचा आवाज रागाचा नव्हता, पण चोराच्या मनात चांदणं. थोरलीने त्या संध्याकाळी एका ब्लाउजला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या.

चार दिवसांनी सुंठीवाचून खोकला जायची वेळ आली. चिमणीने खालच्या राउटरवर पेलाभर दूध सांडलं. दिवे लुकलुकले आणि कायमचे विझले. नवा डबा यायला दोन-तीन दिवस लागतील, असं तारवाल्याने सांगितलं. ही बातमी धाकटीनेच जिन्यातून ओरडून दिली. थोरली "अरेरे" म्हणाली. तोंडावर दुःख आणायला तिला बरेच कष्ट पडले. आता खाली नेट नाही, कोठीघर नाही, सत्ता नाही. आता बघू बाई कुठे जातात!

नणंदेचा कॉल वर झाला. खुर्ची कुरकुरली. चपला. अंगठी.

थोरलीने पायऱ्या मोजल्याच नाहीत. अर्धा तास ती यंत्रावर नुसती बसून राहिली, पाय पायट्यावर आणि हात मांडीत. मग उठली, आणि कसलंही निमित्त न घेता खाली गेली. बघायचंच होतं तिला, नेटशिवाय तिथे असं आहे तरी काय.

सासूबाई उभ्या होत्या. टेबलावर चादर घडी करून अंथरलेली, तिच्यावर धाकटीचा पांढरा कोट, दवाखान्यात घालायचा. आणि सासूबाई इस्त्री करत होत्या. शेजारी घड्यांची चळत. धाकटी पायाशी बसून मोज्यांच्या जोड्या लावत होती आणि त्याही चुकत होती.

"पाणी शिंप आधी. हां. कॉलर नेहमी टोकाकडून आत," सासूबाई सांगत होत्या. "मग त्या दिवशी सकाळी मोजते तर चादरी दोन कमी. मी काही बोलले नाही. नुसती जिन्याखाली जाऊन बसले..."

"मग? कोणाकडे निघाल्या?" धाकटीने विचारलं. तिचा हातातला मोजा तसाच राहिला होता.

थोरलीच्या डोळ्यांसमोर लाल झालं. "आई! तुम्ही इस्त्री करताय? उभ्याने? या गुडघ्यांनी?" ती धाकटीकडे वळली. "आणि तू त्यांना कामाला लावतेस? लाज नाही वाटत? आठ वर्षं मी त्यांना पेला उचलू दिला नाही!"

धाकटीचा चेहरा उतरला. "ताई, मी नाही हो सांगितलं, त्याच म्हणाल्या..."

"थांब गं," सासूबाई म्हणाल्या. कोणत्या सुनेला, ते कळलं नाही. त्यांनी इस्त्री उभी करून ठेवली, तिची वायर काढली, मग थोरलीकडे पाहिलं. "हिला काही येत नाही. बघतेस ना? कोट असा चुरगळलेला घालून जाते ही लोकांसमोर."

"पण म्हणून तुम्ही..."

"तुला सगळं येतं. तुझं सगळं कसं जागच्या जागी असतं." सासूबाई हे कौतुकानेच बोलत होत्या, तेच तर वाईट होतं. "तुझ्याकडे बसून मी काय करू? बसल्या बसल्या दिवस मोजते. सहा वाजले की तू जेवायला वाढतेस, नऊ वाजले की गोळी देतेस. पाहुणी झाले गं मी. पाहुण्याने किती दिवस राहायचं असतं?"

थोरलीला काहीतरी बोलायचं होतं. तिच्या घशात ते आलंही होतं, आठ वर्षांचं सगळं, धुतलेले कपडे, डबीतल्या गोळ्या, हातात दिलेला प्रत्येक पेला. पण ते सगळं आता आरोपपत्रासारखं वाटायला लागलं आणि ते स्वतःच्याच विरुद्ध कसं वाचायचं हे तिला कळेना. ती वळली आणि वर निघून आली. चौदा पायऱ्या चढताना तिला रडू फुटलं. खरं सांगायचं तर त्या रडण्यात पश्चात्ताप थोडा होता आणि धाकटीचा राग जास्त होता. काही न येण्याचं एवढं बक्षीस मिळतं, हे तिला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

दुसरा दिवस तिने मुकाट्याने काढला. सकाळी पाण्याचा पेला भरला, सासूबाईंकडे निघाली, अर्ध्या वाटेत थांबली आणि तो टेबलावरच ठेवला. सासूबाई उठल्या, चार पावलं चालल्या आणि पाणी प्यायल्या. गुडघ्यांचं नावही निघालं नाही. थोरलीला याचाही थोडा रागच आला.

तिसऱ्या दिवशी अडीच वाजता तिने टाचण्यांच्या उशीतून सगळ्यात बारीक टाचणी उपसली. पुस्तकांच्या फळीपाशी स्टूल घेतलं, काळा डबा उलटा केला आणि त्या भोकात टाचणी घातली. एक, दोन, तीन. हे आकडे मोजायची तिला सवय होतीच. दहाला सगळे दिवे एकदम गेले. मग एकच दिवा, भेदरल्यासारखा, लुकलुकायला लागला. कात्री, चंद्र, गाजर, जिना, सगळं पुसलं गेलं. पाहुण्यांचं जाळं गेलं, तारवाल्याची सगळी कुलपं गेली. डबा कोरा झाला.

तीनला पाच कमी. सासूबाई उठल्या. अंगठी कठड्याला लागली.

"आई," थोरली म्हणाली. हे वाक्य तिने अडीच वाजल्यापासून पाठ केलं होतं. "आई, वायफाय बंद पडलंय. मला... मला जमत नाहीये हो."

कठड्यावरचा आवाज थांबला. सासूबाई वळल्या. आठ वर्षांत या सुनेच्या तोंडून हे शब्द त्यांनी ऐकले नव्हते, आणि बहुधा त्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे त्यांना ठरवायचं होतं.

"चष्मा दे माझा," त्या म्हणाल्या. मग लगेच, "नको. घेते मी."

पुढचा पाऊण तास थोरलीच्या आयुष्यातला सगळ्यात लांब पाऊण तास होता. सासूबाईंनी डबा मांडीवर घेऊन पोटाखालची चिठ्ठी वाचली. ती अक्षरं एकेक करून फोनमध्ये घातली. एक चुकलं. थोरलीला दिसलं, शून्याऐवजी ओ पडला होता. तिने जीभ दातांखाली धरली. सासूबाईंनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. तेवढ्यात नणंदेचा कॉल साधाच आला आणि त्यांनी चक्क सांगितलं, "उद्या कर. मी कामात आहे." डब्याचं पान उघडलं. "नाव काय देऊ?"

"तुम्ही ठरवा," थोरली म्हणाली. हे म्हणणं तिला टाचणी खुपसण्यापेक्षा जड गेलं.

सासूबाईंनी नाव घातलं. मग खुर्ची भिंतीकडे वळवली आणि बराच वेळ बोटाने टकटक करत राहिल्या. एकदा वायफायला जोडायचा, एकदा डब्याच्या आत जायचा, असे दोन पासवर्ड. "दोन्ही सारखे ठेवायचे नसतात," त्या भिंतीला म्हणाल्या. बटणाची सोय बंद केली. पाहुण्यांचं जाळं काढलं. डबा त्यांनी स्वतः उठून फळीवर ठेवला आणि तिथे पडलेली टाचणी त्यांना दिसली. त्यांनी ती दोन बोटांत धरून पाहिली, थोरलीकडे पाहिलं, आणि चालत जाऊन यंत्राशेजारच्या उशीत नीट खोचून ठेवली. "अशी उघड्यावर टाकू नये. पायात जाते," म्हणाल्या. थोरलीचे कान गरम झाले.

"तुझा फोन दे."

थोरलीने दिला. यादीत "कोठीघर वरचं" असं नाव होतं. सासूबाईंनी पाठ वळवून पासवर्ड घातला आणि फोन परत दिला.

"मला सांगून ठेवा ना. माझंच घर आहे," थोरली म्हणाली.

"तुला कशाला? लागेल तेव्हा मी आहे की."

थोरलीने थोडा वेळ कापडावर खडूने रेघ ओढली. विचारायचं नव्हतं, पण महिनाभर जळलेली छाती गप्प बसते थोडीच? "धाकटीला माहीत असेल ना खालचा?"

"तिला?" सासूबाईंनी चष्मा काढला. "तिच्या तोंडात तीळ तरी भिजतो का? पहिल्या दिवसापासून मीच घालून देते. तिने कधी विचारलासुद्धा नाही."

थोरलीने खडू खाली ठेवला. सासूबाई मात्र उठल्या नाहीत. त्यांनी खुर्ची यंत्राजवळ ओढली, कपड्यांच्या ढिगातली एक बाही उचलली आणि उजेडाकडे धरली. "हिला बटणं लावायचीत ना? सुई दे. ओवायची मात्र तू."

बटणं वाकडी लागणार हे थोरलीला पहिल्याच टाक्यात दिसलं. तिने सुई ओवून दिली. "ते चादरींचं काय झालं?" तिने विचारलं. "त्या दोन कमी होत्या, मग तुम्ही जिन्याखाली बसलात."

सासूबाईंनी बटणावरून मान वर केली. "ऐकायचंय तुला?"

"सांगा तर."

चादरी कोणाकडे निघाल्या इथपर्यंत गोष्ट पोचते न पोचते तोच खालून हाक आली. "आई! अहो आई, कुठे आहात? नवा डबा आला! तारवाले थांबलेत, पासवर्ड टाकायचाय, खाली या ना!"

सासूबाईंनी दाराकडे पाहिलं, मग हातातल्या बटणाकडे. "थांब म्हणावं तिला. एवढं करून येते."

निरोप द्यायला थोरली स्वतः उठली. जिन्याच्या तोंडाशी जाऊन कठडा धरला, खाली वाकली, आणि महिनाभरात लागला नव्हता इतका गोड आवाज लावून म्हणाली, "अगं, आई कामात आहेत. तुला जरा थांबावं लागेल."